हलक्याफुलक्या चित्रपटांचा कैवार

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर परीक्षेच्या प्रबंधिकेसाठी एक विषय सुचविला होता. हिंदीतील प्रणयप्रधान सुखात्मिका आणि त्यांतील गाण्यांचे कार्य, असा तो विषय. ज्या समितीपुढे तो गेला तिने तो पाच मिनिटांत निकालात काढला, आणि कारण म्हणून एकच शब्द पुढे करण्यात आला: 'हलकाफुलका'. त्याच बैठकीत शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'वरील दुसरा एक विषय चर्चेवाचून मंजूर झाला. जहाज फुटून किनाऱ्यास लागलेली मुलगी पुरुषवेष धारण करते, ज्याच्यावर तिचे मन बसले त्याच्याच वतीने ती दुसरीकडे प्रेमयाचना करते, जुळ्या भावामुळे सारा घोटाळा होतो, आणि मधूनमधून एक विदूषक गाणी म्हणतो. या कथावस्तूत वजनदार असे काय आहे, हे विचारण्याचे मला त्या वेळी सुचले नाही. खरे सांगावयाचे तर सुचले होते, पण धीर झाला नाही. पन्नाशी उलटलेल्या अध्यापकास ही कबुली शोभत नाही. तथापि ती दिल्यावाचून पुढे लिहिण्याचा अधिकार मला पोचत नाही. जे तेथे बोलावयाचे राहिले ते येथे लिहीत आहे.

शोकान्त तेवढे श्रेष्ठ आणि सुखान्त ते कनिष्ठ, हा समज आपल्या विद्वानांनी इंग्रजी विद्येबरोबर उचलला असे कोणी म्हणतात; पण तेही पूर्ण खरे नाही. ज्यांनी इंग्रजी विद्या खरोखर पचविली त्या गोविंद बल्लाळ देवलांना या समजाची बाधा झाली नव्हती. मोलिअरचे एक फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली लिहिलेले इंग्रजी नाटक, आणि त्यावरून देवलांनी केलेला तसबिरीचा घोटाळा, अशी 'संशयकल्लोळा'ची वंशावळ सर्वश्रुत आहे. मूळच्या गद्य नाटकास देवलांनी पुढे पदे घातली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते 'संगीत' म्हणून रंगभूमीवर आणले. एका तसबिरीवरून दोन घरांत संशय शिरतो आणि शेवटी सर्वांचे गैरसमज फिटतात, याहून अधिक त्यात काही घडत नाही. तरी शंभर वर्षांवर ते नाटक जिवंत आहे, आणि त्यास हलकेफुलके म्हणून बाजूस सारण्याची छाती कोणा मराठी टीकाकारास झालेली नाही. मग तोच प्रवास करून आलेल्या चित्रपटावरच रोष का? १९६० सालचा 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' हा इंग्रजी चित्रपट घेऊन बासू चटर्जींनी १९७६ साली 'छोटी सी बात' केला. मुंबईच्या बसथांब्यावर रोज एका मुलीच्या मागे उभा राहणारा आणि तोंडातून अक्षर न फुटणारा तो कारकून पाहिल्यावर इंग्रजी मुळाची आठवणही राहत नाही. देवलांचा फाल्गुनराव जितका आपला, तितकाच अमोल पालेकरांचा हा अरुण आपला.

येथे मराठी वाचकास आणखी एक आठवण देणे अवश्य आहे. हिंदी चित्रपट म्हटला की आपल्यांतील पुष्कळांच्या कपाळास आठी पडते, जणू काही तो परप्रांतातून आलेला पाहुणा आहे. पण १९३८ साली मास्टर विनायकांनी प्र. के. अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला 'ब्रह्मचारी' काढला तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. आणि ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या तरुणाची प्रेमात पडल्यावर जी गत होते तिच्यावर दोन्ही भाषांचे प्रेक्षक सारखेच हसले. १९५१ च्या 'अलबेला'तील भगवान हा गिरणीकामगाराचा मुलगा, त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. सई परांजपे यांचा 'कथा' (१९८३) हा तर शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरच उभा आहे. या घराचे निदान दोन वासे आपल्या लाकडाचे आहेत.

मी ज्या जिल्ह्यात राहतो तेथे ही परकेपणाची भाषा मुळीच चालत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा गोंदिया जिल्हा. एका अंगास बालाघाट, दुसऱ्या अंगास राजनांदगाव. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, घरात पोवारी किंवा झाडीबोली, आणि सालेकसा-देवरीकडे गेलात तर छत्तीसगढी व गोंडी. १९५६ पूर्वी आम्ही ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो त्याच प्रांतात खांडवाही होते. म्हणजे 'चलती का नाम गाडी' (१९५८) मधील गांगुली बंधू कागदोपत्री आमचेच प्रांतबंधू म्हणावयाचे! पावसाळी रात्री बंद पडलेली मोटार घेऊन भिजलेली मुलगी दुरुस्तीच्या दुकानात येते, जागा असलेला एकटा धाकटा भाऊ ती दुरुस्त करता करता गातो, आणि मजुरीचे पाच रुपये बारा आणे द्यावयाचे राहून जातात. एवढ्या भांडवलावर पुढचा सारा व्यवहार चालतो. प्रेमाचा आरंभ थकबाकीतून व्हावा, ही कल्पना ज्यास हलकी वाटेल त्याने आमच्या गावच्या व्यापाऱ्यांकडे येऊन उधारीचे महत्त्व समजून घ्यावे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. 'माणसे अशी गात नाहीत' हा तो आक्षेप. वास्तववादाची दीक्षा घेतलेले आमचे परीक्षक म्हणतात की कथा ठीक चालली असता मध्येच गाणे येते, काळ थांबतो, आणि प्रेक्षकाच्या बुद्धीचा अपमान होतो. (शेतात युगुलगीत कोण गातो, असे विचारणाऱ्यांस मी एवढेच सांगेन की पावसाळ्यात आमच्या धानाच्या बांध्यांत यावे. तेथे सारसाची जोडी माना उंच करून एकाच तालात साद घालते. पण पक्ष्यांच्या साक्षीवर खटला जिंकण्याची माझी इच्छा नाही.) दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्रभर चालणारी नाटके ज्यांनी थंडीत घोंगडी पांघरून पाहिली आहेत, त्यांना हा आक्षेपच कळणार नाही. माणसे गात नाहीत हे त्यांना ठाऊक असते. पण माणसांना जे बोलता येत नाही ते कोठे तरी जावयास हवे, हेही त्यांना ठाऊक असते.

मी म्हणतो ते नेमके हेच. आमच्या घरांत प्रेम बोलण्याची भाषा नव्हती. मराठीत 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु ते मी माझ्या वडिलांच्या, काकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाही. आणि पोवारीत ते कसे म्हणावे हे मी विचारले तेव्हा विचारलेल्या गृहस्थांना हसू आवरेना. लग्ने ठरत, संसार होत, माणसे एकमेकांवर जीवही टाकीत. पण त्यास शब्द नव्हते. माझ्या लहानपणी स्टेशनच्या आसपास सिनेमाच्या गाण्यांच्या स्वस्त चोपड्या विकावयास येत. आमच्या गल्लीतील एका तरुणाने अशी एक चोपडी घेतली, तीतील एका गाण्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली, आणि ती चोपडी 'वाचून परत करावी' असे सांगून एका घरी दिली. चोपडी परत आली तेव्हा दुसऱ्या एका गाण्याखाली रेघ होती. पत्र लिहिण्याचे धैर्य दोघांपैकी कोणातही नव्हते, आणि पत्र सापडले असते तर मार बसला असता. छापील गाण्याखालच्या रेघेबद्दल मात्र कोणास काय म्हणता येणार? ते लग्न झाले की नाही, हे सांगणे या लेखाचे काम नव्हे. पण त्या दोघांसाठी ते गाणे कथेतील व्यत्यय नव्हते. तेवढीच त्यांची कथा होती.

या चित्रपटांच्या उत्तम दिग्दर्शकांना गाण्याचे हे कार्य पक्के ठाऊक होते, याचा पुरावा त्यांच्या कृतींतच आहे. 'छोटी सी बात'चा नायक चित्रपटगृहात बसून पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमामालिनी यांचे युगुलगीत पाहतो, आणि पाहता पाहता त्यांच्या जागी तो स्वतः व त्याची प्रभा दिसू लागतात. प्रेक्षक गाण्याचे काय करतो, हे याहून स्पष्ट कोणत्या टीकाग्रंथात सांगितले आहे? 'रजनीगंधा' (१९७४) मध्ये तर कोणी ओठ हलवीतच नाही. मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेतील ती तरुणी मुंबईत टॅक्सीत आपल्या जुन्या मित्राशेजारी बसली आहे, दोन हातांमध्ये चार बोटांचे अंतर आहे, आणि ते अंतर कोणीच ओलांडीत नाही. त्या वेळी मुकेशचा आवाज ऐकू येतो. स्त्रीच्या मनातील द्विधा पुरुषाच्या कंठातून का, असे कोणी विचारील. पण सलिल चौधरींची ती चाल त्या टॅक्सीत कोणा एकाची नाहीच, ती त्या चार बोटांच्या अंतराची आहे. मुकेशला त्या गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवादलेखकाने तेथे दहा वाक्ये घातली असती तर दहाही खोटी ठरली असती.

आणि 'चितचोर'! सुबोध घोषांच्या बंगाली कथेवरून बासू चटर्जींनीच १९७६ साली केलेला हा चित्रपट मी प्रथम दूरदर्शनवर एका रविवारी संध्याकाळी पाहिला, शेजारच्या रेल्वेतील गृहस्थांच्या घरी, वीसेक माणसांत दाटीवाटीने बसून. लहान गावातील मास्तरांना मुंबईच्या थोरल्या मुलीकडून कळते की धाकटीसाठी एक इंजिनिअर पाहुणा येत आहे. मास्तर स्टेशनवर जातात आणि गाडीतून उतरलेल्या भलत्याच माणसास घरी घेऊन येतात. आमच्या गावातील सर्व थोर घटना स्टेशनवरच घडतात. हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शन ते. त्यामुळे त्या वीस माणसांतील प्रत्येकास हा प्रसंग आपल्या फलाटावर घडल्यासारखा वाटला. पाहुणा पेटी घेऊन बसतो, मुलीस गाणे शिकवितो. मग कळते की हा नुसता ओव्हरसियर, खरा इंजिनिअर पुढे यावयाचा आहे. घरातील हवा एका दिवसात पालटते. आई-बापांचे आदरातिथ्य आता दुसऱ्या माणसाकडे वळते आणि मुलीनेही आपले मन तसेच वळवावे अशी अपेक्षा केली जाते. येथे गाण्याचे खरे काम दिसते. दिलेला शब्द मागे घेता येतो, ठरलेली सोयरीक मोडता येते. पण दोघांनी मिळून बसविलेली चाल परत घेता येत नाही. रवींद्र जैनांची ती गाणी काढून टाका, आणि मुलीच्या नकारास कारणच उरत नाही. उरतो तो हट्ट. ज्यास हे व्यत्यय वाटते त्याने चित्रपट पाहिलेला नाही, त्याची गोष्ट ऐकली आहे. ओव्हरसियर आणि इंजिनिअर यांच्या पगारांतील तफावतीवर मुलीचे आयुष्य तोलले जाते, हा विषय हलका असेल तर आमच्या जिल्ह्यातील निम्मी लग्ने हलकीच म्हटली पाहिजेत.

चित्रपटगीतांविषयीचा तिरस्कार आजचा नाही. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच एक व्युत्पन्न मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची तळमळ खरी होती, आणि आकाशवाणीने त्या संगीतासाठी केलेल्या कार्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु लोकांची अभिरुची सुधारावयाची म्हणून त्यांनी चित्रपटगीतांस दाराबाहेर ठेवले. परिणाम काय झाला? लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' घरोघर पोचली, आणि अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली. हा इतिहास आमच्या समितीतील सभासदांस माहीत नसावा असे नाही. पण इतिहास दुसऱ्यांच्या चुकांचा असतो, अशी विद्वानांची एक समजूत असते.

इतके बोलल्यावर या चित्रपटांच्या भक्तांनाही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे, कारण शत्रूंपेक्षा त्यांनीच या चित्रपटांचे अधिक नुकसान केले आहे. 'किती निरागस काळ होता तो, किती साधी माणसे' हा त्यांचा नित्याचा गहिवर. निरागस? १९५५ च्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये स्त्रियांस घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून झटणारी बाई खलपात्र होऊन बसते, आणि तेही हिंदू विवाह कायदा मंजूर झाला त्याच वर्षी. गुरुदत्तची कला मी मानतो. तो विचार मानीत नाही. साठीनंतरच्या कित्येक चित्रपटांत नायक नायिकेची वाट अडवितो, ओढणी ओढतो, तिने रागाने पाहिले की गातो, आणि तिसऱ्या गाण्यास ती वश होते. त्या गाण्यांच्या चाली मधुर आहेत म्हणून त्या वर्तनास मोहक म्हणण्यास मी तयार नाही. एस.टी. स्टँडपासून महाविद्यालयापर्यंत चालत येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींस त्या नायकाची नक्कल रोज भेटते.

या जातीच्या चित्रपटांचे खरे लावण्य मला वाटते ते बरोबर याच्या उलट ठिकाणी आहे. त्यांतील उत्तम नायक विचारावयास भितात, आणि उत्तरासाठी थांबतात. भित्रेपणास हसत हसत त्यांनी एक वेगळेच पौरुष दाखविले. 'नाही' ऐकून घेण्याची तयारी हे त्याचे लक्षण. 'छोटी सी बात'चा अरुण खंडाळ्याच्या कर्नलकडून जग जिंकण्याच्या सर्व युक्त्या शिकून येतो, आणि अखेरची युक्ती वापरण्याची वेळ येते तेव्हा ती त्याच्याने वापरवत नाही. 'कथा'तील राजाराम जोशी तर आमच्या टीकाकारांनी दहा वेळा पाहावा. चाळीतील सश्याने मुलीस फसवून पळ काढल्यावर ती राजारामास सर्व खरे सांगते. आणि तो कासव तिच्याकडून कोणताही खुलासा न मागता तिच्या पाठीशी उभा राहतो. चाळीच्या हसण्याखिदळण्यात हे घडते म्हणून ते वजनाने कमी होत नाही. आपल्या गंभीर कादंबऱ्यांत अशा मुलीस बहुधा विहीर दाखविलेली असते.

आमच्या धंद्याची थट्टाही या चित्रपटांनी मनसोक्त केली, तिचा येथे निसटता उल्लेख करतो. हृषीकेश मुखर्जींच्या 'चुपके चुपके'त (१९७५) वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मोटार हाकतो आणि इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकविण्याचे सोंग घेतो. शुद्ध हिंदीचा आग्रह धरणाऱ्या गृहस्थावर अतिशुद्ध हिंदीचाच मारा होतो. ज्यांनी माधव जूलियन आणि सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या वादांविषयी वाचले आहे त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. पोट धरून हसतील, आणि थोडे खजीलही होतील.

एक उणीव मात्र मी झाकणार नाही. या चित्रपटांतील आडनावे पाहा: त्रिपाठी, सिन्हा, जोशी, सबनीस. घरे कारकुनांची, मास्तरांची, फार तर वकिलांची. तिरोड्याच्या बिडी वळणाऱ्या बाईचे घर त्यांत नाही, राईस मिलमधील हमालाचे नाही, आणि जात हा शब्द जवळजवळ कोणी उच्चारीतच नाही. प्रेमास अडथळा येतो तो गैरसमजाचा किंवा पगाराचा. आमच्या गावांत तो कशाचा येतो हे सांगावयास नको. पण यावरून ही जात टाकाऊ ठरते, असे म्हणणाऱ्यांनी 'सैराट' (२०१६) पुन्हा पाहावा. नागराज मंजुळे यांच्या त्या चित्रपटाच्या उत्तरार्धावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. पूर्वार्धास मात्र परीक्षकांनी मोठ्या मनाने माफ केले, जणू ती प्रेक्षकांस दिलेली लाच होती. तो पूर्वार्ध म्हणजे अस्सल प्रणयप्रधान सुखात्मिका आहे. अजय-अतुलच्या गाण्यांसकट, विहिरीसकट, मित्रांच्या टवाळीसकट. ज्या सुखाचा हक्क त्या मुलास कोणी दिला नव्हता ते सुख मंजुळे त्यास तासभर पुरतेपणी देतात, आणि म्हणूनच शेवटच्या दृश्यात श्वास अडकतो. तो तासभराचा आनंद काढून घ्या, आणि उरेल ती वर्तमानपत्रातील बातमी. सुखात्मिकेत कोणास प्रवेश मिळतो, हा प्रश्न हलका नाही; तो विचारावयाचा तर आधी सुखात्मिका वाचता आली पाहिजे.

माझ्या त्या विद्यार्थिनीने विषय नामंजूर झाल्यावर रीतसर दुसरा विषय घेतला व ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. परंतु पहिल्या विषयावर तिने चाळीस पृष्ठांचे टिपण लिहून काढले होते, ते तिने जाताना मजजवळ दिले. त्यात एके ठिकाणी तिने 'छोटी सी बात'वरही आक्षेप घेतला आहे. अरुण रोज प्रभाच्या मागे चालतो ते तिला ठाऊक आहे व तिला त्याची गंमत वाटते, हे दिग्दर्शक आपणांस दाखवितो म्हणूनच आपण हसतो; ते दाखविले नसते तर तोच बसथांबा भीतीचा झाला असता, आणि आपल्या गावातील मुलीस मागे चालणारा अरुण आहे की दुसरा कोणी हे कळावयास दिग्दर्शक नसतो, असे तिचे म्हणणे. चाळीस वर्षे हा चित्रपट पाहूनही हे मला सुचले नव्हते. समितीची पुढील बैठक जुलैत आहे. या वर्षीच्या एका विद्यार्थ्याच्या नावे तोच विषय मी पुन्हा पाठविला असून, सोबत ते टिपण, तिच्या परवानगीने, जोडले आहे.